साडेचार लाख पोळ्या

प्रमोदिनी घाग यांनी आयुष्यात किती पोळ्या लाटल्या याचा हिशेब कुणी कधी मांडला नव्हता. तो मांडला करखात्याने, आणि तोही त्यांनी न लाटलेल्या पोळ्यांचा.

लाटलेल्या पोळ्यांबद्दल कुणाला काही पडलेलं नव्हतं. संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावातून एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या ठाकुर्लीच्या चाळीत आल्या. नवरा शिवराम डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होता. एके दिवशी कंपनीच्या फाटकाला टाळं लागलं आणि शिवराम घरी येऊन जो पलंगावर बसला, तो बराच काळ उठलाच नाही. तेव्हा प्रमोदिनीबाईंनी शेजारच्या दोन नोकरदार बायकांना विचारलं, तुमच्या पोळ्या मी करून देऊ का? वीस पोळ्यांनी सुरुवात झाली. आज डोंबिवली पूर्वेला, त्या राहतात त्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. हाताखाली दोन बायका, दिवसाला सहाशे पोळ्या, तीन भाज्या आणि शनिवारी थालीपीठ. मुलगी शिकली, लग्न होऊन माजिवड्याला गेली. जीएसटीचा नंबर घेतला, दर तीन महिन्यांनी कर भरला, एकदाही तारीख चुकवली नाही. बाई तोंडाने फटकळ, पण हिशेबाला चोख, असं सगळी गल्ली म्हणायची. फटकळ म्हणताना जरा जास्त जोर लावायची, एवढंच.

आता गव्हाचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

डोंबिवलीत अजून अशी घरं आहेत जिथे पिठाची तयार पिशवी आणणं म्हणजे संसारातला हलगर्जीपणा समजतात. एप्रिल उजाडला की वर्षाचा गहू भरायचा. त्याला ऊन दाखवायचं, तो निवडायचा, एरंडेलाचा हात लावून डब्यात ठेवायचा आणि वर्षभर गिरणीतून दळून आणायचा. प्रमोदिनीबाईंना केंद्रासाठी गहू लागायचाच. कल्याणच्या घाऊक बाजारातल्या त्यांच्या शेठने एकदा सहज सांगितलं, पन्नास क्विंटल जास्तीचा उचललात आणि बिल एकच केलंत, तर किलोमागे पाच रुपये कमी लावीन. बाई घरी आल्या आणि इमारतीत, मागच्या गल्लीत, जुन्या चाळीत निरोप गेला. ज्यांना गहू हवा त्यांनी पैसे माझ्याकडे आणून द्या. चाळीस घरं जमली. त्यांचे पैसे केंद्राच्या खात्यात, खात्यातून शेठला चेक आणि बिल केंद्राच्या नावावर. टेम्पो इमारतीच्या आवारात लागायचा, वजनकाटा ठेवला जायचा आणि बायका चाळण्या, पोती, सुतळ्या घेऊन हजर व्हायच्या. प्रमोदिनीबाई एक रुपया त्यात ठेवत नव्हत्या. उलट हमालाला चहा स्वतःच्या खिशातून पाजत होत्या.

दुसरी एक रीत त्यांनीच पाडली होती. कुणाचा किती गहू याची यादी त्यांच्या हातात असायची, दुसऱ्या कुणाला ती दिसू द्यायची नाही, आणि वाटप आटोपलं की त्याच संध्याकाळी फाडून टाकायची. कारण कुणी दोन क्विंटल उचलायचं आणि कुणी तीस किलोच घ्यायचं. कुणी आधी पैसे द्यायचं, कुणी दिवाळीपर्यंत थोडे थोडे. आपल्या बायकांना दुसऱ्याच्या डब्यात डोकावायची केवढी हौस असते हे प्रमोदिनीबाईंना चांगलं ठाऊक होतं, कारण ती हौस त्यांनाही होती. म्हणून यादीच ठेवायची नाही.

मागच्या वर्षी करखात्याचं ऑडिट लागलं. तीन वर्षांची कागदपत्रं मागवली. एक तरणा, नीटनेटका माणूस केंद्रात येऊन बसला. चहा घेतला नाही, वर पाहिलं नाही, आणि बिलांवर बोट ठेवत विचारलं, “दरवर्षी पन्नास क्विंटल जास्तीचा गहू. ह्याची विक्री कुठे दाखवलीय?”

“तो माझा नाही. आमच्या इथल्या घरांचा वर्षाचा गहू आहे. मी फक्त आणते.”

“यादी?”

“फाडली.”

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. “मॅडम, बिल तुमचं, चेक तुमचा, धंदा पोळीचा. गहू आला म्हणजे पोळी झाली.”

प्रमोदिनीबाईंनी त्याला सगळं समजावून सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज चढवून सांगितलं. तो लिहीत राहिला. चार महिन्यांनी आदेश आला. किलोला तीस पोळ्या, वर्षाला पाच हजार किलो, तीन वर्षं. एकूण साडेचार लाख पोळ्या, दर दहा रुपये, म्हणजे पंचेचाळीस लाखांची विक्री हेतुपुरस्सर लपवली. कर, तेवढाच दंड आणि वर व्याज मिळून साडेपाच लाख रुपये भरा.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते त्या दिवशी केंद्रातल्या दोन्ही बायकांनी पाहिलं. आकड्याने नव्हे, ‘हेतुपुरस्सर’ या शब्दाने. पस्तीस वर्षं पहाटे चारला उठणाऱ्या बाईला कुणीतरी टेबलापाशी बसून चोर म्हटलं होतं, आणि खाली शिक्का मारला होता. त्यांनी आदेश तिसऱ्यांदा वाचला आणि समोरची कणीक अशी तिंबली की त्या दिवशीच्या पोळ्यांना गिऱ्हाइकांनी नावं ठेवली.

“भरून टाकू,” शिवराम म्हणाला. “पोरीकडून थोडे घेऊ. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.”

“हे कोर्ट नाही, ऑफिस आहे. आणि मी शहाणी असते तर तुमच्याशी लग्न केलं असतं का?”

“अगं, पण भांडून काय मिळणार?”

“मी चोर नाही हे मिळणार. तुम्हाला नको असेल तर तुम्ही पलंगावर बसा.”

शिवराम खरंच पलंगावर जाऊन बसला. त्यामुळे राग दुप्पट झाला.

ठाकुर्लीच्या त्याच चाळीत लहानाचा मोठा झालेला रत्नदीप आता कर सल्लागार होता. स्टेशनजवळ एका खोलीत त्याचं ऑफिस होतं. लहानपणी शाळेतून आल्यावर आई कामावर असली की हा प्रमोदिनीबाईंच्या दारात बसून गरम पोळी तूप-साखर लावून खायचा. त्याने आदेश वाचला आणि कपाळाला हात लावला.

“काकू, तुम्ही यादी फाडली कशाला हो? वो एक कागज होता तो मामला खतम होता.”

“माझी चूक सांगू नकोस, उपाय सांग.”

“अपील टाकूया. तीन महिन्यांची मुदत आहे. कराच्या दहा टक्के आधी भरावे लागतील, साडेबावीस हजार. आणि ज्यांनी गहू घेतला त्या प्रत्येक घराकडून एक पान लिहून आणा. अमुक वर्षी अमुक किलो घेतला, पैसे दिले, खाली सही. बस.”

एवढंच ना, असं म्हणून प्रमोदिनीबाई उठल्या. आपल्या बायकांचा त्यांना एवढा भरवसा होता.

पहिली सही विमलाबाईंनी केली. ब्याऐंशी वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, वर्षाला तीस किलो घेणाऱ्या. हात थरथरत होता म्हणून सही दोनदा केली, आणि वर म्हणाल्या, “अजून कुठे करू का?” ती पहिली. त्यानंतर सगळा आनंद.

तिसऱ्या मजल्यावरच्या कमळाबाईंनी पान हातात घेतलं, चष्मा लावून वाचलं, आणि परत दिलं. “ह्यांना विचारून सांगते.” ह्यांना विचारायला त्यांना तीन आठवडे लागले, आणि ह्यांचं उत्तर आलं की सरकारी कागदावर आपलं नाव कशाला. कुणाच्या जावयाचं इन्कमटॅक्सचं काहीतरी चाललं होतं. कुणाला गहू किती घेतला ते आठवत नव्हतं, पण भाव किती होता ते पैशापर्यंत आठवत होतं. एकीने तर दार अर्धं उघडूनच सांगितलं, “आम्हाला मध्ये घेऊ नका हां, काकू. आम्ही साधी माणसं.” प्रमोदिनीबाई जणू कुणी नामचीन गुंड. महिन्याभरात चार सह्या. तिन्ही वर्षं त्यांचा गहू किलोमागे पाच रुपयांनी स्वस्त पडला, तो मात्र सगळ्यांना गोड लागला होता.

बी विंगमधल्या स्वप्नाकडे त्या मुद्दाम सगळ्यात शेवटी गेल्या.

स्वप्ना आणि तिचा नवरा सुदेश इमारतीत राहायला आले तेव्हा ऑडिटच्या तीन वर्षांपैकी एक वर्ष उलटून गेलं होतं. आल्यानंतर थोड्याच दिवसांत सुदेशची नोकरी गेली. तो बाहेर कुणाला सांगत नव्हता, रोज सकाळी बॅग घेऊन निघायचा. गव्हाच्या आदल्या दिवशी स्वप्ना केंद्राच्या मागच्या दाराने आली आणि म्हणाली, काकू, आम्हाला यंदा नको. डोळे भरलेले होते. प्रमोदिनीबाईंनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी शंभर किलो तिच्या दारात टाकले. पुढच्या वर्षीही टाकले. पैशांचं नाव काढलं नाही. स्वप्नाने सुदेशला सांगितलं होतं की गहू माहेरून आलाय. मानी माणूस. दुसऱ्याने दिलेलं पोतं त्याने जिन्यावरून खाली लोटलं असतं.

दार सुदेशनेच उघडलं. आता त्याला नवी नोकरी लागली होती, अंगात इस्त्रीचा शर्ट होता. प्रमोदिनीबाईंनी स्वप्नाकडे पाहून पान पुढे केलं. “फक्त एवढं लिही, तू दोन वर्षं गहू घेतलास. बाकी काही लिहू नकोस.”

स्वप्नाने नवऱ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे. “आम्ही कुठे तुमच्याकडून घेतो, काकू? आम्ही दुकानातूनच आणतो.”

“मागे पोतं आलेलं ना आपल्याकडे?” सुदेश म्हणाला.

“तो माहेरून आलेला. तुम्हाला सांगितलं होतं ना.”

प्रमोदिनीबाई जिना उतरल्या. तिचं का अडलं ते त्यांना पहिल्या पायरीवरच कळलं. पण कळलं म्हणून राग जातो असं नाही. उलट समोरच्याला दोष देता येत नाही म्हटल्यावर तो कुठे ठेवावा हेच समजत नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं असं म्हणतात. इथे दळणारी आंधळी नव्हती, चांगली डोळस होती, आणि पीठ खाऊन झाल्यावर जातं कुणाचं ते आम्हाला माहीत नाही, असं सगळे म्हणत होते. त्या रात्री त्यांनी शिवरामला, रत्नदीपला, खात्याला, इमारतीला आणि गव्हाच्या जातीलाही शिव्या घातल्या.

सुनावणी ठाण्याला होती. रत्नदीप बरोबर होता. अपिलाच्या अधिकारी पन्नाशीच्या बाई होत्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी चार पानं वाचली आणि बाजूला ठेवली.

“चाळीसमधली चार घरं,” त्या म्हणाल्या. “ह्यावर मी काय करू?”

रत्नदीप कलमं सांगू लागला. प्रमोदिनीबाईंनी त्याला हाताने थांबवलं.

“मॅडम, मी बोलू का? साडेचार लाख पोळ्या तीन वर्षांत. म्हणजे आमच्या रोजच्या सहाशे आहेत त्याच्यावर आणखी चारशे. माझ्याकडे दोन बायका आणि दोन तवे. एक पोळी लाटून, भाजून, तूप लावून काढायला मिनिट लागतं. सहाशेतच आमची कंबर मोडते. वरच्या चारशे कुणी केल्या, कुठल्या तव्यावर, तेवढं त्या साहेबांनी येऊन दाखवावं. मी त्यांना पोळपाट देते.”

अधिकारी बाईंच्या ओठांची कड जराशी हलली. प्रमोदिनीबाईंनी त्यांनाच विचारलं, “तुमच्या घरी गहू भरतात का वर्षाचा?” रत्नदीपने डोळे मिटून घेतले.

“माझी आई भरायची,” बाई म्हणाल्या, आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. “यादी का फाडली तुम्ही?”

“कोण किती घेतो हे कुणी बघू नये म्हणून.”

अधिकारी बाईंनी ती चार पानं पुन्हा जवळ घेतली. मग त्यांनी कोरा कागद ओढला. “नावं तोंडी सांगा. पत्ता, किलो, वर्ष. मी प्रत्येक घरी पत्र पाठवते, कुटुंबप्रमुखाच्या नावाने. तीन प्रश्न असतील. गहू घेतला का, किती घेतला, आणि पैसे कसे दिले. उत्तरं जुळली तर तेवढा गहू मी तुमच्या विक्रीतून वगळते. आणि खात्याच्या पत्राला उत्तर द्यावंच लागतं.”

प्रमोदिनीबाईंना वाटलं, देव आहे. त्यांनी सुरुवात केली. कमळाबाई, दीड क्विंटल, तिसरा मजला. अर्ध्या दारातून बोलणारी, नव्वद किलो. जावईवाली, दोन क्विंटल, त्यातला एक मुलीकडे. कागद फाडले होते, पण डोक्यातली यादी कुणाच्या बापाला फाडता आली नसती. चाळीस घरं, तिन्ही वर्षं, किलोसकट त्यांनी अशी घडाघडा सांगितली की लिहून घेणारीचा हात दुखला. सांगताना त्यांना फार बरं वाटत होतं. घाला म्हणावं आता चष्मे आणि विचारा ह्यांना.

अधिकारी बाईंनी बेरीज केली. “पहिलं वर्ष जुळलं. पुढच्या दोन्ही वर्षांत शंभर-शंभर किलो राहतात. एक घर विसरलात.”

प्रमोदिनीबाई विसरल्या नव्हत्या. नाव जिभेवर होतं. दारात उभं राहून तोंडावर ‘नाही’ म्हणणारी बाई, तिला कसली दया? जाऊ दे पत्र. सुदेशच्या नावाने पाकीट येईल. तो ते इस्त्रीच्या शर्टात उभ्याने फोडेल. पैसे कसे दिले, हा तिसरा प्रश्न वाचेल, आणि स्वप्नाकडे वळेल.

“काकू, आठवा,” रत्नदीप हळूच म्हणाला. “एकच नाव आहे. पूर्ण क्लीन निघाल.”

आपण नाव घेणार नाही हे प्रमोदिनीबाईंना स्वतःलाच कळलं, आणि त्याचा त्यांना असा संताप आला की कानशिलं तापली. पस्तीस वर्षांची अब्रू एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी फुकाचा मान. पण पोतं दारात टाकताना त्यांनी ते मानासकट टाकलं होतं. आता मान तेवढा परत मागता येत नव्हता.

“कुठलं घर नाही,” त्या म्हणाल्या. “ते दोनशे किलो माझे. त्याच्या पोळ्या मी विकल्या.”

“पावत्या?”

“केल्या नाहीत.”

“म्हणजे विक्री लपवली.”

“हो.”

रत्नदीपच्या हातातलं पेन खाली पडलं. अधिकारी बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना काहीतरी कळलं असावं, पण कळलेलं लिहिता येत नाही, सांगितलेलंच लिहावं लागतं. त्यांनी लिहिलं, कागद फिरवला आणि बोट ठेवलं तिथे प्रमोदिनीबाईंनी सही केली. जिना उतरताना रत्नदीप काही विचारणार होता. तोवर प्रमोदिनीबाई स्टेशनच्या रस्त्याला लागल्या होत्या.

खात्याची पाकिटं गेली. जी सही शेजारणीसाठी महिनाभर झाली नव्हती, ती शिक्क्याचं पाकीट पाहून आठ दिवसांत उरलेल्या छत्तीस घरांनी केली. किलो अगदी बरोबर आठवले. कमळाबाई स्वतः पोस्टात जाऊन उत्तर टाकून आल्या.

दोन महिन्यांनी निकाल आला. साडेपाच लाखांचे सात हजार तीनशे झाले होते. शिवराम आनंदाने पेढे आणायला निघाला, त्याला प्रमोदिनीबाईंनी परत बसवलं. खालच्या बाजूला एक ओळ होती, ती त्यांनी वाचली. दोनशे किलो गव्हाच्या पोळ्यांची विक्री लपवल्याचे अपीलकर्तीने सुनावणीत स्वतः मान्य केले आहे. सात हजार तीनशे त्यांनी त्याच दिवशी भरले.

गोष्ट इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. पत्रं घरोघर गेलेली, निकाल काय लागला याची उत्सुकता सगळ्यांना होतीच, आणि शिवरामच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. रविवारी सकाळी केंद्राच्या फळीपुढे दहा-बारा गिऱ्हाइकं उभी होती. कमळाबाई म्हणाल्या, “सुटलात बाई एकदाच्या,” आणि मग शेजारणीकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, “पण थोडी तरी लपवलेलीच होती म्हणे. आग असल्याशिवाय धूर निघत नाही.”

मागे सुदेश उभा होता, शेजारी स्वप्ना. तो पुढे आला. बारा पोळ्या सांगितल्या, आणि माणूस सज्जन असल्यामुळे त्याला राहवलं नाही.

“काकू, राग नका मानू. पण टॅक्स भरायला हवा होता तुम्ही. दोनशे किलो म्हणजे काही कमी नाही. आम्ही नाही का भरत सगळं? शेवटी असं खाल्लेलं पचत नाही हो.”

स्वप्ना एक पाऊल पुढे आली. तिने तोंड उघडलं. प्रमोदिनीबाईंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि तिने ते मिटलं.

फळीच्या आत उभ्या असलेल्या बाईच्या तोंडात त्या क्षणी काय काय आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. गल्लीने त्यांना उगाच फटकळ म्हटलं नव्हतं. त्यांनी पोळ्या मोजल्या, कागदात गुंडाळल्या, पावतीपुस्तक ओढलं आणि इतक्या जोराने लिहिलं की खालच्या तीन कोऱ्या पावत्यांवर आकडे उमटले.

“एकशे वीस झाले,” त्या सुदेशला म्हणाल्या. “पुढचं कोण?”